मत लिहिलं, आधार कुठे आहे?

माध्यमिक शाळेतल्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली ‘स्वमत’ नावाचा एक प्रश्न असतो. उताऱ्यातला एखादा विचार देऊन ‘तुम्हाला हे पटते का, सकारण लिहा’ असं त्यात विचारलेलं असतं. ‘कोण कोणास म्हणाले’ आणि ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ यांच्या जमान्यात शिकलेल्यांना या प्रश्नाचं मोल लगेच कळेल. पंधरा वर्षांच्या मुलीला राज्याची परीक्षा विचारते आहे की तुझं म्हणणं काय आणि ते कशावरून. पण उत्तरपत्रिकांत बहुधा पहिल्या भागाचंच उत्तर सापडतं. ‘होय, मी या मताशी पूर्णपणे सहमत आहे’ असं सुरुवातीचं वाक्य, मग तेच मत आणखी तीन वाक्यांत फिरवून, मग एखादं सुभाषित आणि शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी’ने सुरू होणारा उपदेश. ‘कशावरून’ला उत्तर मिळतच नाही.

याला मुलांचा आळस म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. हीच मुलं मधल्या सुट्टीत पंचाच्या निर्णयावर, गावातल्या निवडणुकीवर, एसटीच्या बदललेल्या वेळेवर दाखल्यांसकट भांडतात. तिथे समोर विरोध करणारा असतो, प्रश्न खरोखर न सुटलेला असतो आणि माहिती दोघांजवळही असते. कागदावर येताना या तिन्ही गोष्टी हरवतात. वाचनाचं महत्त्व, वृक्षांची गरज, वेळेचं मोल अशा विषयांना विरोधी पक्षच नाही. माहिती म्हणावी तर परीक्षेच्या बाकावर स्मरणापलीकडे काही नाही. आणि वाचणारा एक अनोळखी परीक्षक, जो उलट काही विचारणार नाही. साधार वैचारिक परिच्छेद कसा शिकवावा, यावर गेल्या दीडशे वर्षांत जे जे उपाय झाले, ते या तीन उणिवांपैकी कोणती भरून काढतात हे पाहिलं की त्यांची किंमत ठरवता येते.

परिच्छेद ही आपल्याकडे तशी अलीकडची गोष्ट. पोथीत ओळ सलग धावते. स्वल्पविराम, पूर्णविराम आणि परिच्छेदासाठी सोडलेली जागा छापखान्याबरोबर मराठीत रुळली. थॉमस कँडी यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५०चं. इंग्रजीतही परिच्छेदाचा शालेय नियम फार जुना नाही. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर बेन यांनी १८६६ साली लेखनकलेवरचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि त्यात परिच्छेदाला एकच विषय असावा, तो सुरुवातीलाच कळावा, प्रत्येक वाक्य मागच्याशी जोडलेलं असावं असे नियम घालून दिले. पुढे अमेरिकेतल्या शाळांनी हे नियम जवळजवळ कायद्यासारखे पाळले.

युक्तिवादाचा आराखडा मात्र आपल्याकडे परिच्छेदाच्या कितीतरी आधीपासून आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमान दुसऱ्याला पटवून देण्याची पाच अंगं सांगितली आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. इथे उदाहरण शोभेसाठी आलेलं नाही, सर्वसाधारण नियम त्याच्या खांद्यावर उभा आहे. आणि उपनय तो नियम डोळ्यांसमोरच्या प्रसंगाला लागू आहे हे वेगळ्या वाक्यात बजावतो. न्यायपरंपरेने हेत्वाभास म्हणजे फसव्या हेतूंचे पाच प्रकारही मोजले. सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडून काढणारी वितंडा हे तीनही वेगवेगळे ओळखले. मीमांसकांनी प्रत्येक प्रश्न विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष अशा पायऱ्यांनी सोडवला. विरोधकाचं म्हणणं आधी आणि नीट मांडायचं, मगच आपलं, ही शिस्त त्यात होती.

दोन्ही परंपरा एकोणिसाव्या शतकात मराठीत एकत्र आल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४पासून निघू लागली. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केला आणि ‘वाक्यमीमांसा’ हे वाक्यरचनेवरचं पुस्तकही त्याच वर्षीचं. वाक्याचं पृथक्करण करणारी आणि रूढीचं पृथक्करण करणारी लेखणी एकच होती. पण शाळेने त्यातलं वाक्यपृथक्करण उचललं आणि व्याकरणाच्या तासाला बसवलं. युक्तिवादाचं पृथक्करण वर्तमानपत्रांत आणि सभांमध्ये राहिलं. मराठीच्या अध्यापनातली ती फट अजून बुजलेली नाही.

शाळेतल्या वैचारिक निबंधाने वारसा घेतला तो दृष्टांताचा. मराठीला दृष्टांताची मोठी श्रीमंती आहे, ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला ते सांगायला नको. पण दृष्टांत समजावतो आणि पुरावा सिद्ध करतो. ही कामं वेगळी आहेत. निबंधात अवतरणं टाका, संतवचनं टाका, गुण वाढतात, असा सल्ला मुलांना सर्रास मिळतो. मग धरणाच्या पाण्याच्या वाटपावर लिहितानाही मुलगा अभंगाची ओळ पुराव्याच्या जागी ठेवतो. संतांचा अधिकार मोठाच आहे, पण धरणात पाणी किती होतं हे ते वचन सांगू शकत नाही. हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

विसाव्या शतकात शाळांनी या अडचणीवर शोधलेला सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे साचा. ब्रिटनमधल्या शाळांत चालणारा ‘पील’ हा त्यातला प्रसिद्ध: आधी मुद्दा, मग पुरावा, मग स्पष्टीकरण, मग मूळ प्रश्नाशी सांधा. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांमधून तो मराठीतही आला आहे. साचा कोऱ्या कागदाची भीती घालवतो आणि ‘इथे पुरावा हवा’ अशी एक मोकळी जागा दाखवतो, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. पण जागा दाखवली म्हणून ती कशाने भरायची ते कळत नाही. मुलं पुराव्याच्या जागी मुद्दाच वेगळ्या शब्दांत लिहितात, स्पष्टीकरणाच्या जागी पुन्हा तोच, आणि चार खाने भरल्याचं समाधान लिहिणाऱ्यालाही मिळतं आणि तपासणाऱ्यालाही. शिवाय चांगलं लेखन त्या क्रमाने जातं हेही खरं नाही. रिचर्ड ब्रॅडॉक यांनी १९७४ साली अमेरिकेतल्या नामवंत मासिकांतले लेख घेऊन परिच्छेद तपासले, तेव्हा विषयवाक्याने सुरू होणारे परिच्छेद सुमारे १३ टक्केच निघाले. लेखक आधी तपशील देतात, वाचकाला सोबत नेतात आणि मत मध्येच किंवा अखेरीस मांडतात. साचा आठवीच्या पहिल्या सत्रापुरता हाताशी ठेवावा. नववी-दहावीपर्यंत तोच चालू राहिला तर तो मुलांचा विचार थांबवतो, असं माझं मत आहे.

साच्यापेक्षा खोल गेला तो ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन. त्याचं ‘द यूजेस ऑफ आर्ग्युमेंट’ हे पुस्तक १९५८चं. माणसं न्यायालयात आणि व्यवहारात प्रत्यक्ष कसा युक्तिवाद करतात हे पाहून त्याने त्याचे भाग वेगळे केले: दावा, त्यामागची माहिती, माहितीवरून दाव्याकडे जाण्याची परवानगी देणारा नियम, त्या नियमाचा आधार, ‘बहुधा’सारखी मर्यादा आणि अपवाद. हॅरी बर्म्युडात जन्मला म्हणून तो ब्रिटिश प्रजाजन, हे त्याचं गाजलेलं उदाहरण. यातला न उच्चारलेला नियम असा की बर्म्युडात जन्मणारा सर्वसाधारणपणे ब्रिटिश प्रजाजन असतो. न्यायशास्त्रातली व्याप्ती, म्हणजे ‘जिथे धूर तिथे आग’ हा नियम, आणि टूलमिनचा हा नियम अगदी सारखे नाहीत; एकात नियम निरपवाद हवा, दुसऱ्यात ‘सर्वसाधारणपणे’ला जागा आहे. पण वर्गासाठी दोघांची शिकवण एकच आहे. पुरावा आणि मत यांच्या मध्ये एक वाक्य असतं, ते बहुतेक वेळा लिहिलं जात नाही, आणि युक्तिवाद खरा किंवा खोटा ठरतो तो त्याच वाक्यावर.

एक उदाहरण पूर्ण खोलून पाहू. प्रश्न असा: पाण्याची टंचाई असलेल्या भागात ऊस लावावा का? सवयीचा परिच्छेद साधारण असा उतरेल: ‘पाणी म्हणजे जीवन. ऊस खूप पाणी पितो. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. म्हणून शेतकऱ्यांनी ऊस लावू नये व पाणी वाचवावे.’ यात रेल्वेचा उल्लेख आला म्हणून तपासणारा खूश होईल. पण रेल्वेने पाणी आलं आणि ऊस लावू नये, या दोहोंना जोडणारं वाक्य कुठे आहे? लातूर शहराच्या नळाचं पाणी आणि शेतातल्या उसाचं पाणी यांचा संबंध दाखवल्याशिवाय ही शेजारीशेजारी ठेवलेली दोन वाक्यं आहेत, युक्तिवाद नाही.

आता मुलांच्या हातात थोडी माहिती देऊ. शहराला आणि शेतीला पाणी देणारं मांजरा धरण एकच. ऊस हंगामानुसार बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो. मिरजेहून पाण्याची पहिली गाडी एप्रिल २०१६मध्ये आली, तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. २०११च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांहून जास्त. उसाला केंद्र सरकारने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर असतो. २०१७ साली तूर भरपूर पिकली, भाव हमीभावाखाली गेले आणि खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या. एवढ्या माहितीवर दुसरा परिच्छेद असा होऊ शकतो:

‘मांजरा प्रकल्पाच्या पाण्यावर नवीन ऊस लावायचा असेल तर तो ठिबक सिंचनावरच लावावा, अशी अट असावी. एप्रिल २०१६मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीतलं पाच लाख लिटर पाणी शहरातल्या लोकसंख्येत वाटलं तर माणशी दीड लिटरही येत नाही. शहर आणि शेती एकाच धरणावर अवलंबून असल्याने शेतात वाचलेलं पाणी पिण्यासाठी राखता येतं. ऊस वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ उभा राहतो, त्यामुळे धरण सर्वांत रितं असतं त्या उन्हाळ्यातही त्याला पाणी लागतं. ऊसच बंद करा, असं मात्र म्हणता येणार नाही. उसाला ठरलेला दर आहे, आणि २०१७ साली तूर लावणाऱ्यांच्या पदरी काय पडलं हे शेतकऱ्यांनी पाहिलं आहे. म्हणून अट पिकावर नको, पाणी देण्याच्या पद्धतीवर हवी.’

या परिच्छेदाची भाषा पहिल्यापेक्षा फार अवघड नाही. त्यात तीन वेगळी कामं घडली आहेत. पाच लाख लिटर हा आकडा एकटा भव्य वाटतो. लोकसंख्येने भागल्यावर तो पुरावा झाला. धरण एकच असल्याचं वाक्य आल्यामुळे रेल्वे आणि ऊस जोडले गेले. आणि विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा स्वीकारल्यामुळे मूळ मतच बदललं. ‘ऊस नको’वरून ते ‘ठिबकावर ऊस’ इथे आलं. तरीही वर्गातला एखादा मुलगा उठून म्हणेल, आमचा ऊस विहिरीवर आहे, धरणाचा काय संबंध? त्याची हरकत रास्त आहे. म्हणूनच परिच्छेदात ‘मांजरा प्रकल्पाच्या पाण्यावर’ ही मर्यादा घालावी लागते, किंवा विहिरीचं पाणी कुठून झिरपतं हे दाखवावं लागतं. मर्यादा घालणं हा माघार घेण्याचा प्रकार नाही; मत आधाराच्या मापाचं करणं आहे, आणि मुलांनी त्यात अभिमान मानावा असं वातावरण शिक्षकच तयार करू शकतात.

हे न लिहिलेलं वाक्य शोधायला कसं शिकवावं, यावर जॉर्ज हिलॉक्स यांनी सुंदर काम केलं. त्यांचं युक्तिवादाच्या अध्यापनावरचं पुस्तक २०११चं. ते मुलांना एक रहस्यचित्र देतात. जिन्याच्या पायथ्याशी एक माणूस पडलेला, हातात पेला, आणि बायको म्हणते की तो जिन्यावरून घसरला. ती खरं बोलते आहे का? मुलं चित्रातला एकेक तपशील दाखवू लागतात. पेला अजून हातातच आहे, असं कुणी म्हटलं की शिक्षक विचारतात, मग काय झालं? घसरला असता तर पेला सुटला असता. का? कारण पडणारा माणूस काहीतरी धरायला हात पसरतो. हे शेवटचं वाक्य म्हणजे नियम, आणि ते मुलाच्या तोंडून आलेलं आहे. हिलॉक्स यांचा आग्रह असा की आधी मत ठरवून मग त्याला पुरावे शोधू नयेत. माहिती बघत बघत मत बनू द्यावं. आपल्या निबंधाच्या तासाला नेमकं उलट चालतं. फळ्यावर विषय लिहिला जातो आणि मत त्यात आधीच बसवलेलं असतं.

स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरचे प्रयोग एकत्र करून २००७ साली एक अहवाल दिला. शिक्षणाच्या संशोधनात परिणामाचं माप ०.२ असेल तर लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठं मानतात. आखणी, मसुदा आणि सुधारणा यांच्या ठरावीक पायऱ्या उघडपणे शिकवण्याचं माप ०.८२ निघालं, सारांशलेखनाचंही तेवढंच. मुलांनी मिळून लिहिण्याचं ०.७५, नेमकं उद्दिष्ट देण्याचं ०.७०, छोटी वाक्यं जोडून मोठं वाक्य करण्याचं ०.५०. नमुने वाचायला देण्याचं फक्त ०.२५. आणि सुट्या व्याकरणाचं उणे ०.३२. हे आकडे मुख्यतः इंग्रजीतल्या लेखनाचे आहेत, त्यामुळे मराठी व्याकरणाचा तास बंद करा असा अर्थ त्यातून काढू नये. पण सारांशाचं महत्त्व आपण जरूर घ्यावं. आपल्याकडे सारांशलेखन पत्रलेखन-जाहिरातीच्या रांगेत एक सुटा प्रश्न म्हणून बसलं आहे. दुसऱ्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत थोडक्यात सांगता येणं म्हणजे पूर्वपक्ष मांडता येणं. युक्तिवादाची तीच पहिली पायरी आहे, आणि ती अभ्यासक्रमात आहेच. फक्त तिची जागा बदलायला हवी.

वाक्यं जोडण्याच्या सरावाचा एक प्रकार न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडच्या न्यू डॉर्प हायस्कुलात गाजला. ज्युडिथ हॉकमन यांच्या पद्धतीत मुलं एकच अर्धं वाक्य ‘कारण’, ‘पण’ आणि ‘म्हणून’ लावून तीन प्रकारे पुरं करतात. मराठीत याला आणखी एक जोड देता येते. ‘जरी–तरी’च्या एका वाक्यात विरोधी मुद्दा मान्य करून आपला मुद्दा टिकवता येतो. ‘उसाला जरी खात्रीचा दर असला, तरी...’ असं सुरू करून दिलं की दहा-बारा शब्दांत मुलाला दोन्ही बाजू डोक्यात धराव्या लागतात. सातवीपासून रोज असं एक वाक्य घेतलं तर वेळ फार जात नाही आणि त्यासाठी वही घरी न्यायचीही गरज पडत नाही.

पण मला सर्वांत पटतं ते मानसशास्त्रज्ञ डीॲना कून यांचं काम. कून आणि अमांडा क्रोवेल यांनी न्यूयॉर्कमधल्या माध्यमिक शाळेत तीन वर्षं चालवलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. सारखं मत असलेली दोन मुलं एकत्र बसायची आणि संगणकावर लेखी संवादातून विरुद्ध मताच्या जोडीशी वाद घालायची. संवाद लेखी असल्यामुळे आधी काय म्हटलं होतं ते समोर राहायचं, आणि आपल्या जोडीदाराशी मसलत करूनच उत्तर द्यायचं. शेवटी एकेकट्याने निबंध लिहायचा. शिक्षकांच्या पुढाकाराने चर्चा आणि निबंधलेखन करणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा या मुलांच्या निबंधांत विरोधी बाजू जास्त आली आणि कोणता पुरावा मिळवायला हवा याची जाणही जास्त दिसली. समोरचा प्रतिवादी हळूहळू लिहिणाऱ्याच्या मनात राहायला गेला, असं याचं वर्णन करता येईल.

या प्रयोगाला संगणक अत्यावश्यक नाही. दोन बाकांमध्ये एक कागद फिरवला तरी चालतं. एका जोडीने दोन वाक्यं लिहायची, समोरच्या जोडीने त्याखाली प्रश्न किंवा हरकत लिहायची, पुन्हा कागद परत. साठ मुलांच्या वर्गात पंधरा कागद फिरतील आणि तास संपताना प्रत्येक कागदावर एक लेखी वाद तयार असेल. मराठी शाळांत वादविवाद स्पर्धांची मोठी परंपरा आहे, पण तिथे दोन-चार निवडक मुलं बोलतात, बाकीची टाळ्या वाजवतात, आणि बक्षीस अनेकदा आवाजाच्या चढउताराला जातं. तीच परंपरा कागदावर आणून सगळ्या वर्गाला दिली पाहिजे. घरी अहिराणी, गोंडी, कोरकू, पावरी बोलणाऱ्या मुलांनी वाद आपल्या बोलीत घालावा आणि परिच्छेद नंतर प्रमाण मराठीत उतरवावा. युक्तिवाद आणि प्रमाणभाषा ही दोन ओझी एकाच वेळी खांद्यावर दिली की मूल पहिलं टाकून देतं आणि पाठ केलेली वाक्यं लिहितं.

ग्रॅहम आणि पेरिन यांच्या अहवालात नमुन्यांच्या वाचनाचा परिणाम लहान निघाला, त्याचं कारण आपल्या तासांत शोधता येतं. नमुना वाचून दाखवला जातो, लेखकाच्या शैलीचं कौतुक होतं आणि पुढचा पाठ सुरू होतो. नमुना उलगडायला हवा. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन घ्या. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे झुकतो, ही त्यांची माहिती. जो कर देतो त्याच्या मुलांवर तो खर्च झाला पाहिजे, हा नियम. म्हणून खेड्यापाड्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, हा दावा. वरचे वर्ग शिकले की शिक्षण आपोआप खाली झिरपेल, हा त्या काळचा पूर्वपक्ष, आणि फुले त्याला थेट भिडतात. त्याच वर्षीचं ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ घ्या. स्त्रियांवर ठेवले जाणारे दोष ताराबाई एकेक करून पुढे घेतात आणि तेच माप पुरुषांना लावतात. एकच नियम दोघांना सारखा लागू करणं ही युक्तिवादातली केवढी मोठी शक्ती आहे, हे दहावीतल्या मुलींना त्या पुस्तकाइतकं ठसठशीत कुठे दिसेल? आगरकर आणि टिळक यांच्यातला संमतिवयाचा वाद तर जोडीनेच वाचावा. १८९१च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा केलं. त्यावर दोन समर्थ लेखण्या समोरासमोर उभ्या होत्या. मुलांनी त्यातला नियम, पुरावा आणि न लिहिलेली वाक्यं वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित केली तर मराठी गद्याचा इतिहास आणि युक्तिवाद एकाच तासात शिकून होतात.

मूल्यमापन मात्र या सगळ्याच्या आड येतं. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशाच्या ‘सॅट’ परीक्षेत २००५पासून पंचवीस मिनिटांचा निबंध आला. एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी दाखवून दिलं की लांब निबंधाला जास्त गुण मिळतात आणि तथ्याच्या चुका मोजल्या जात नाहीत. २०१६ साली तो निबंध ऐच्छिक झाला, विद्यार्थ्यासमोर एक लेख ठेवून त्यातल्या युक्तिवादाचं विश्लेषण मागितलं जाऊ लागलं, आणि २०२१ साली तोही बंद झाला. याच देशात इतिहासाच्या प्रगत परीक्षेत १९७३पासून प्रश्नासोबत मूळ कागदपत्रं छापून दिली जातात आणि त्यांच्या आधारे उत्तर लिहायचं असतं. आपल्यासाठी हा दुसरा धडा जास्त मोलाचा. दहावीच्या स्वमताच्या प्रश्नासोबत पाच ओळींची माहिती, एखादा लहान तक्ता आणि परस्परविरोधी दोन मतं छापायला कागद फार लागत नाही. पुरावा समोर ठेवला की पाठांतराचा आणि गाईडाचा उपयोग आपोआप कमी होतो, आणि शहरातल्या महागड्या क्लासला जाणारा मुलगा आणि पाड्यावरच्या शाळेतली मुलगी यांची सुरुवात एका रेषेवरून होते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे आधार देऊन मराठीत लिहिता येणं ही आता हजारो उमेदवारांच्या भवितव्याचीही गोष्ट आहे.

तपासणीच्या ओझ्याबद्दल शिक्षकांची तक्रार खरी आहे. साठ वह्यांतल्या प्रत्येक वेलांटीला लाल शाई लावायची तर परिच्छेद लिहून घेण्याचा उत्साह टिकणार नाही. यावर उपाय एका वेळी एकच गोष्ट तपासण्याचा. या आठवड्यात फक्त एवढंच पाहायचं की पुरावा आणि मत यांच्यामधलं वाक्य लिहिलं आहे का. नसेल तर समासात ‘म्हणून कसं?’ एवढे दोन शब्द. पुढच्या वेळी विरोधी मुद्दा. शुद्धलेखन महत्त्वाचं आहेच, पण ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या शाईने.

२०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि सफाईदार परिच्छेद कुणालाही काही क्षणांत मिळू लागला. त्यामुळे घरून लिहून आणलेल्या निबंधावरून मुलाला काय येतं हे कळणं संपलं. वर्गात, समोरासमोर, दिलेल्या माहितीवर घातलेला वाद आणि तिथेच लिहिलेला परिच्छेद यांची गरज यामुळे वाढली आहे. यंत्राने लिहिलेला परिच्छेद मुलांनी तपासायला घ्यावा, हाही चांगला सराव आहे: यातलं कोणतं वाक्य पुरावा आहे, तो खरा आहे का, आणि मधलं वाक्य कुठे गळलं?

पुस्तकं आणि प्रश्नपत्रिका बदलायला वर्षं लागतात, माहितीचे कागद तयार करायला लागत नाहीत. प्रत्येक तालुक्यात न सुटलेले प्रश्न आहेत. रत्नागिरीत १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी पुरेशी आहे का, चंद्रपुरात वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर भरपाई कशी ठरावी, पुण्यात टेकडीवरून रस्ता न्यावा का. अशा एकेका प्रश्नावर दोन्ही बाजूंची, खात्रीची आणि मुलांना वाचता येईल अशी एक पानाची माहिती मराठीच्या, भूगोलाच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांनी मिळून तयार करावी आणि शेजारच्या शाळेला द्यावी. ग्रामपंचायतीत, बँकेत, दवाखान्यात, कृषी कार्यालयात काम करणारे जे वाचक हे वाचत असतील, त्यांनी आपल्या कामातले आकडे समजावून द्यायला जवळच्या शाळेत एक तास जावं. मुलांना मत आहे. त्यांना हवा आहे तो आधार आणि समोर बसून हरकत घेणारा कुणीतरी.